फोटोतील हिजाबचा रंग : हाही धंद्याचाच प्रश्न

पिंपरी-चिंचवडपासून भोसरी, मोशी, चाकण, म्हाळुंग्यापर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात फोटोवाचून आता कोणाचेच पान हलत नाही. कंपनीच्या गेटपासाला फोटो, बायोडाटाला फोटो, बँकेच्या खात्याला फोटो, ई.एस.आय.च्या कार्डावर साऱ्या कुटुंबाचा फोटो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर माल विकायचा म्हटले तर तिथेही फोटो. माणूस दारात पोहोचण्याआधी त्याचा फोटो साहेबाच्या टेबलावर पोहोचलेला असतो.

पूर्वी हे फोटो बहुतेक पुरुषांचेच असत. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढे टेल्को आणि बजाज आले, त्यांच्या आधाराने भोसरीची छोटी वर्कशॉप उभी राहिली. आपल्या समाजातले फिटर, वेल्डर, ड्रायव्हर आणि भंगारवाले या पट्ट्यात पोटापाण्याला लागले. आज त्यांच्या मुली आणि नाती डिप्लोमा, बी.कॉम., फार्मसी करून क्वालिटी, स्टोअर्स, अकाउंट्स अशा विभागांत अर्ज करीत आहेत. काही जणी घरून शिवणकाम, मेहंदी, केक, डबे असा धंदा करतात. यांतल्या पुष्कळ जणी हिजाब घालतात, आणि त्यांचा फोटो पुष्कळदा बिघडून हाती येतो. चेहरा पांढराफटक, नाहीतर काळवंडलेला. कपाळावर सावली, हनुवटीखाली अंधार.

मग स्टुडिओवाला म्हणतो, "ताई, स्कार्फ जरा मागे घ्या." कोणी म्हणतो, "फोटोपुरता काढूनच टाका ना." घरातले म्हणतात, "काळा घालून बस, एवढा विचार कशाला?" आमच्या मते हे सगळेच चुकीचे आहेत. दोष हिजाबचा नाही आणि काळ्या रंगाचाही नाही. दोष प्रकाशाच्या अंदाजाचा आहे, आणि तो दुरुस्त करणे हे हुनरवंताचे काम आहे.

कॅमेरा फसतो कसा?

कॅमेऱ्याचा मीटर समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. फोटोग्राफर त्याला अठरा टक्क्यांचा करडा म्हणतात. समोर काळा हिजाब आणि काळा अबाया असला की मीटरला वाटते, इथे अंधार आहे. तो प्रकाश वाढवतो. कापड राखाडी दिसते आणि चेहरा जळतो. पांढरा हिजाब आणि मागे पांढरा पडदा असला की उलटे होते. मीटर प्रकाश कमी करतो, आणि सावळा चेहरा आणखी काळवंडतो. आजचे मोबाइल चेहरा ओळखून प्रकाश ठरवतात, तरी सभोवती एकाच रंगाचे मोठे कापड असले की रंगाचा अंदाज चुकतोच.

दुसरी गोष्ट कापडाच्या परावर्तनाची. हिजाब चेहऱ्याला अगदी खेटून असतो. पोपटी कापडावर पडलेला प्रकाश उलटून हनुवटीवर आणि गालांवर हिरवट झाक टाकतो, आणि माणूस आजारी दिसतो. भडक लाल कापड तोंडावर लाली चढवते. सॅटिनसारखे चकचकीत कापड फ्लॅशमध्ये आरशासारखे चमकते. बारीक रेघांच्या किंवा बारीक चौकड्यांच्या कापडावर फोटोत नसलेल्याच लाटा उमटतात.

चेहऱ्याचा रंग आणि छायाचित्रण यांचे भांडण आपल्याकडचेच आहे असे नाही. अमेरिकेच्या कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळांत रंग जुळवण्यासाठी गोऱ्या बाईचा नमुना-फोटो वापरीत. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्या नमुन्यावर बेतलेल्या फिल्मवर सावळ्या माणसांचे चेहरे नीट येत नसत. पण कंपनीला जाग आली ती चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांनी आपल्या मालाच्या गडद छटा फोटोत उठत नाहीत अशी तक्रार केल्यावर. व्यापाऱ्याने याचा बोध घ्यावा. ग्राहक बोलला की माल सुधारतो. आपल्या भगिनी खराब फोटो मुकाट्याने घेऊन जातात, म्हणून स्टुडिओही सुधारत नाहीत.

रंग कोणता घ्यावा?

पहिला नियम असा की फोटो कशासाठी आहे ते आधी पाहावे.

सरकारी कागदांसाठी बहुतेक ठिकाणी मागची बाजू पांढरी लागते. पासपोर्टचा फोटो तर सेवा केंद्रातच पांढऱ्या पडद्यापुढे घेतात. त्या दिवशी पांढरा किंवा फिकट क्रीम हिजाब घालून गेले तर डोके पडद्यात मिसळून जाते. आणि मोठ्या माणसाचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, म्हणजे सकाळी घाईत उचललेला स्कार्फ दहा वर्षे सोबत राहतो. धार्मिक कारणाने डोके झाकण्यास मुभा आहे. मात्र हनुवटीपासून कपाळापर्यंत आणि दोन्ही कडांपर्यंत चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे, त्यावर सावली नको. नकाबची गोष्ट वेगळी आहे. मतदार यादीत पडदानशीन स्त्रियांचे फोटो छापण्याला हरकत घेणारी याचिका मद्रास उच्च न्यायालयाने २००६ साली फेटाळली. तेव्हा ओळखपत्रासाठी चेहरा दाखवावा लागतो, केस दाखवावे लागत नाहीत, हा फरक भगिनींनीही आणि स्टुडिओवाल्यांनीही पक्का ध्यानात ठेवावा.

या कागदांच्या पुढे झेरॉक्स निघतात. झेरॉक्समध्ये रंग जातो, फक्त गडद-फिकट उरते. नेव्ही ब्लू, मरून आणि बॉटल ग्रीन तिथे काळेच दिसतात. म्हणून फार गडदही नाही आणि फार फिकटही नाही असा मधला रंग उत्तम : मोरपंखी, राखी-निळा, विटकरी, मेंदीचा हिरवा, जांभळट करडा. अंगाच्या रंगाशी अगदी जुळणारा बदामी किंवा बिस्किटी रंग टाळावा, कारण त्यात चेहऱ्याची कड हरवते.

कंपनीच्या ओळखपत्रासाठी रंगापेक्षा बांधण्याची पद्धत महत्त्वाची. चेहरा ओळखून हजेरी लावणारे यंत्र असो की गेटवरचा रखवालदार, दोघेही पहिल्या फोटोशी ताडून पाहतात. म्हणून नोंदणीच्या दिवशी रोजच्यासारखाच हिजाब बांधावा. मशीनवर काम असेल तर टोके आत खोचूनच जावे लागते. फोटोही तसाच असावा.

धंद्याच्या फोटोचे गणित निराळे आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो गोल आणि नखाएवढा दिसतो. काळ्या हिजाबच्या मागे गडद भिंत असली की त्या गोलात नुसता चेहरा तरंगतो. इथे मागची बाजू फिकट ठेवावी आणि हिजाबला एक ठळक, साधा रंग असावा. तोच रंग पिशवीवर, बिलावर, डब्याच्या चिठ्ठीवर वापरला तर ती दुकानाची पाटीच होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडी-चिखलीत महापालिकेने हजारो बांधकामे पाडली. पत्ता गेला तरी गिऱ्हाईक टिकवायचे असेल तर नाव आणि चेहरा यांची ओळख किती मोलाची असते, हे त्यानंतर वेगळे सांगायला नको.

घरच्या घरी एक सोपी परीक्षा करता येते. दिवसा खिडकीकडे तोंड करून बसावे, दोन-तीन स्कार्फ पाळीपाळीने घालून मोबाइलवर फोटो घ्यावेत आणि ते कृष्णधवल करून पाहावेत. डोळे किलकिले केल्यावर आधी चेहरा दिसला तर रंग बरोबर. आधी कापड दिसले तर दुसरा घ्यावा. यास पैसा लागत नाही.

स्टुडिओ आणि स्कार्फवाले

आपल्या समाजातही फोटो स्टुडिओ चालवणारे आहेत. त्यांना आमचे सांगणे असे की कॅमेरा आपोआपवर टाकू नका, चेहऱ्यावरचा प्रकाश मोजून हाताने बसवा. एक मोठा मऊ दिवा किंवा छत्री बाजूने थोडी वर ठेवा, आणि छातीच्या खाली थर्माकोलचा पांढरा तुकडा धरा. कपाळावरची आणि हनुवटीखालची सावली उठते. काळा हिजाब असेल तर मागून एक हलका दिवा द्या, म्हणजे कापडाच्या चुण्या दिसतात आणि काळा रंग काळाच राहून उठावदार येतो. कॉम्प्युटरवर चेहरा गोरा करू नका. ती मुलगी मुलाखतीला जाईल तेव्हा फोटोतली आणि समोरची वेगळी दिसली, तर तुमच्या कामाचा भुर्दंड तिला बसेल.

जमल्यास स्टुडिओत एक स्त्री मदतनीस, एक पडदा, आरसा आणि टाचण्या ठेवा. आणि अमानतीचा उसूल पाळा. गिऱ्हाईक बाईचा फोटो तिच्या परवानगीवाचून शोकेसमध्ये लावू नये, मोबाइलमध्ये साठवू नये, जाहिरातीत टाकू नये. ज्या स्टुडिओवर हा भरवसा बसेल, तिथे एकीमागे दहा जणी येतील.

स्कार्फचा व्यापार करणाऱ्यांनीही विचार करावा. ट्यूबलाइटखाली दिसतो तो रंग उन्हात दिसत नाही. दुकानाच्या दाराशी एक आरसा लावावा. चमक नसलेले क्रेप, जर्सी आणि साधे कॉटन मधल्या रंगांत वेगळे मांडावे आणि "हे फोटोला चांगले" असे गिऱ्हाइकाला सांगावे. एवढे ज्ञान देणारा दुकानदार दोन रुपये जास्त घेऊनही लक्षात राहतो.

दोन शंका

पहिली शंका : काळ्याखेरीज दुसरा रंग चालतो काय? सहीह बुखारीतल्या एका रिवायतीत हजरत आयेशांकडे आलेल्या एका स्त्रीच्या हिरव्या ओढणीचा उल्लेख आहे. रंगाला तेव्हाही वाव होता. तरीही जिला काळाच पसंत आहे तिने तोच घालावा. तिचा फोटो चांगला काढणे ही फोटोग्राफरची जबाबदारी आहे, तिने रंग बदलणे ही अट नव्हे.

दुसरी शंका अधिक जिव्हारी लागणारी आहे : ज्याला हिजाबच नको, तो रंग पाहून नोकरी देईल काय? नाही देणार. रंग बदलल्याने पूर्वग्रह जात नाही, आणि कमी मुसलमान दिसावे म्हणून फिकट स्कार्फ निवडण्याची गरज आमच्या मुलींना नाही. पण या पट्ट्यात असेही मालक आणि अधिकारी आहेत की ज्यांना फक्त काम करणारे माणूस हवे असते. त्यांच्यापुढे जाणारा अर्ज अंधाऱ्या, चेहरा न दिसणाऱ्या फोटोमुळे मागे पडू नये, एवढेच आपल्या हाती आहे. आणि जे आपल्या हाती आहे ते चोख केले पाहिजे.

बापाने वर्कशॉपमध्ये घासून-पुसून तयार केलेला जॉब पासिंगला नीट बॉक्समध्ये पाठवला, तेलकट कागदात गुंडाळून नव्हे. मुलीची वर्षानुवर्षांची मेहनतही तशाच नीटसपणाने लोकांपुढे जावी. पुढच्या वेळी घरातल्या मुलीला फोटोला पाठवाल तेव्हा स्कार्फ आधी खिडकीपाशी पाहा, आणि फोटो बिघडला तर पैसे देण्याआधी दुसरा काढून मागा.