सत्ता युनियनची, पण युनियन कोणाची?



गेल्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका मुलाने विचारले, "काका, सिंडिकॅलिझम म्हणजे काय हो?"

फ्रेंच भाषेत कामगार संघटनेला 'सँदिका' म्हणतात, त्यावरून हा शब्द आला. कारखाना, गोदी, रेल्वे जे कामगार चालवतात, त्यांच्या युनियननेच त्यांचा कारभार हाती घ्यावा. वर मालक नको आणि सरकारही नको, असा हा विचार आहे. पक्षावर व निवडणुकीवर विसंबायचे नाही, सार्वत्रिक संप हेच हत्यार. १९०६ साली आमिएँ येथे फ्रान्सच्या कामगार महासंघाने पक्षांपासून स्वतंत्र राहण्याचा ठराव केला, तो प्रसिद्ध आहे.

ऐकायला छान वाटते. पण आपल्या माणसाच्या मनात लगेच प्रश्न येतो, की सत्ता युनियनची, पण युनियन कोणाची?

अमेरिकेतील बेन फ्लेचर या काळ्या गोदी कामगाराचे उदाहरण इथे सांगण्यासारखे आहे. तिथल्या अनेक युनियन त्या काळी काळ्यांना सभासदच करून घेत नसत. १९०५ साली शिकागोत स्थापन झालेल्या 'इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड' या संघटनेने मात्र दार सर्वांना उघडे ठेवले. तिचा विचार सिंडिकॅलिझमच्या जवळचा होता. फिलाडेल्फिया बंदरात मालक लोक काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या टोळ्या करून त्यांना एकमेकांविरुद्ध झुंजवीत. मे १९१३ मध्ये सुमारे चार हजार कामगारांनी एकत्र संप करून तो जिंकला. नंतर त्यांच्या शाखेने साधे नियम केले. टोळ्या मिश्र, समितीवर प्रत्येक गटाचा माणूस, आणि सभेचे अध्यक्षपद आलटून पालटून काळ्याकडे व गोऱ्याकडे!

१९१८ साली महायुद्धाच्या काळातील खटल्यात फ्लेचर यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. १९२२ च्या टाळेबंदीत काळे-गोरे अशी फूट पडली आणि शाखा मोडली. एकी होती तोवर मालक नमला, हे लक्षात ठेवा.

आपल्याकडे हाच प्रश्न बाबासाहेबांनी मांडला. मुंबईच्या गिरण्यांत कापड विणायच्या खात्यात मजुरी जास्त, पण तिथे आपल्या माणसाला प्रवेश नव्हता. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगाराला विटाळाची भीती! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा अन्याय लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे एक जात नव्हे, तर समता व बंधुता नाकारणारी वृत्ती, हेही त्यांनी स्पष्ट केले.

बाबासाहेब सिंडिकॅलिस्ट नव्हते. त्यांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संपाच्या हक्कासाठी संपही केला. मत आणि संप, दोन्ही हत्यारे त्यांनी वापरली. पुढे मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत व तसे घटनेतच लिहावे, असे त्यांनी १९४७ साली मांडले. जिथे बहुसंख्यांच्या मनात जात आहे, तिथे दुबळ्याला कायद्याचा आधार लागतोच.

आता घरचे सांगतो. मी ज्या युनियनचा सभासद आहे, तिथे कंत्राटी सफाई कामगारांना सभासदत्व नाही. वार्षिक सभेच्या खुर्च्या तेच मांडतात आणि सभा सुरू झाली की बाहेर उभे राहतात. त्यांत बहुतेक आपलेच. मागच्या सभेत मी विषय काढला, तर "पुढे पाहू" म्हणाले. यंदा लेखी ठराव देणार आहे. अनुमोदकही मिळाला आहे.

तुमच्या युनियनचे पावती पुस्तक एकदा पाहा. त्यात कोणाची नावे आहेत ते वाचा, आणि कोणाची नाहीत तेही शोधा. त्या माणसाला पुढच्या सभेत शेजारच्या खुर्चीवर बसवा. मालकाशी भांडायला तिथूनच बळ येईल.

जय भीम!