नवे काडतूस की नुसता नवा पीळ?

अमेरिकेतल्या बंदूक कंपन्या अधूनमधून रायफलचे एखादे 'क्रांतिकारी' काडतूस बाजारात आणतात. २०२१ मध्ये विंचेस्टर आणि ब्राउनिंग यांनी आणलेले '६.८ वेस्टर्न' घ्या. त्याच्या गोळीचा व्यास १९२५ पासून चालत आलेल्या .२७० विंचेस्टरच्या गोळीइतकाच, ०.२७७ इंच. पुंगळी .२७० डब्ल्यूएसएम (विंचेस्टर शॉर्ट मॅग्नम) या काडतुसाची, जरा आखूड केलेली. मग नवे काय? तर नळीतल्या मळसूत्री खाचांचा पीळ. .२७० च्या नळीत गोळी १० इंचांत एक फेरा घेते, नव्या नळीत साडेसात ते आठ इंचांत. एवढ्या बदलावर १३०-१५० ग्रेन वजनाच्या गोळीऐवजी १६५-१७५ ग्रेनची लांबुडकी गोळी चालते, आणि तिच्यासाठी गिऱ्हाईक अख्खी रायफल नवी घेते.

गोळी भोवऱ्यासारखी फिरते म्हणून तोंड पुढे ठेवून जाते. ती जितकी लांब, तितकी तिला गिरकी जास्त लागते. इंग्लंडात वुलिचला तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवणाऱ्या जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये याचा ढोबळ हिशेब मांडला: व्यासाच्या वर्गाला दीडशेने गुणा, लांबीने भागा. ०.२२४ इंच व्यासाच्या पाऊण इंची गोळीला १० इंचांत एक फेरा लागतो, इंचभर गोळीला साडेसात इंचांत. सूत्रात गोळीचे वजन कुठेच नाही. बाजार मात्र आजही गोळी ग्रेनवरच विकतो.

गिरकी कमी पडली की काय होते ते निशाणाच्या कागदावर दिसते. गोल भोकाऐवजी लांबट चीर पडते, म्हणजे गोळी आडवी होऊन आली. १९५५ मध्ये रेमिंग्टनने .२४४ काडतूस आणले आणि पीळ ठेवला १२ इंचांचा, हलक्या गोळ्यांसाठी. त्याच वर्षी विंचेस्टरने .२४३ आणले, पीळ १० इंचांचा. हरणाच्या शिकाऱ्यांना १०० ग्रेनची गोळी हवी होती. ती .२४४ मध्ये नीट चालणार नाही असा बोलबाला झाला आणि काडतूस बसले. मग रेमिंग्टनने पीळ ९ इंचांवर आणला आणि १९६३ मध्ये तेच काडतूस '६ मिमी रेमिंग्टन' या नावाने पुन्हा विकायला काढले. नामांतराची युक्ती आजची नव्हे.

अमेरिकी लष्कराने मात्र नावाचा घोळ घातला नाही. एम-१६ रायफलचा मूळचा १४ इंचांचा पीळ ध्रुवप्रदेशातल्या थंड, दाट हवेत अपुरा ठरला, तो १९६३ मध्ये १२ वर आला. पुढे एम-१६ए२ मध्ये थेट ७ वर, कारण नवी प्रकाशरेषा सोडणारी (ट्रेसर) गोळी बरीच लांब होती. काडतूस ५.५६ मिमीचेच राहिले. अर्थात लष्कर जुन्या नळ्या हुकूम काढून बदलू शकते, आजोबांच्या कपाटातली रायफल कोण बदलणार? जुन्याच नावाच्या खोक्यात नवी लांब गोळी घातली तर ती त्या रायफलमधून भरकटणारच. कंपन्यांची ही अडचण खरी आहे. पण तिच्यावर नवे नाव हा एकच उपाय नाही. त्यांना तो सोयीचा आहे, इतकेच.

आता तर कायद्यानेच जास्त पिळाची निकड वाढवली आहे. मेलेल्या जनावरातले शिशाचे तुकडे पोटात जाऊन काँडोर गिधाडे मरतात, म्हणून कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी बंद आहे. तिची जागा बहुतांशी तांब्याच्या गोळीने घेतली. तांबे शिशापेक्षा हलके, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. खोक्यावरचे ग्रेन तेच असले तरी जुन्या नळीला ती पेलेलच असे नाही. आपल्याकडे ज्याच्यामुळे रायफल घरोघरी माहीत झाली, त्या ऑलिंपिक नेमबाज स्वप्निल कुसाळेच्या ५० मीटर प्रकारात ही कटकट नाही. .२२ ची ४० ग्रेनची शिशाची गोळी आणि १६ इंचांचा पीळ यांचे जुने जमलेले आहे.

काही उत्पादक सुट्या गोळ्यांच्या डबीवर किमान पीळ छापतात. भरलेल्या काडतुसांच्या खोक्यावरही तो छापावा आणि प्रत्येक नळीवर तिचा पीळ कोरावा, ही मागणी मोठी नाही. उलट टोकाचा इशाराही छापावा: ७ इंचांच्या नळीतून सेकंदाला ३००० फुटांनी निघालेली गोळी मिनिटाला तीन लाखांहून अधिक फेरे घेते, आणि पातळ वेष्टनाची हलकी गोळी त्या वेगात हवेतच फुटू शकते.

तोवर गिऱ्हाइकाने स्वतः मोजावे. रायफल रिकामी आहे याची खात्री करून, साफसफाईच्या गजाला घट्ट चिंधी लावून तो नळीत घालावा. मूठ मोकळी फिरणारी हवी. गजावर खूण करून तो सावकाश ढकलावा. खूण पूर्ण फेरा घेऊन पुन्हा वर येईपर्यंत गज जितके इंच आत गेला, तितक्या इंचांचा पीळ.