कंपनी सावरली, गाडीचे काय?

जनरल मोटर्स ही अमेरिकी कंपनी 1 जून 2009 रोजी दिवाळखोरीत गेली आणि अवघ्या 40 दिवसांत त्यातून बाहेर आली. अमेरिकी सरकारने तिच्यात सुमारे 50 अब्ज डॉलर ओतले. डिसेंबर 2013 मध्ये सरकारने शेवटचे शेअर विकले, तेव्हा करदात्यांचे 10 अब्जांहून अधिक डॉलर बुडाले होते. तरी कारखाने वाचले, नोकऱ्या टिकल्या आणि 2011 मध्ये कंपनी विक्रीत पुन्हा जगात पहिली आली. रुग्ण वाचला, यात वाद नाही. पण अतिदक्षता विभागातून वॉर्डात हलवलेला रुग्ण बरा झाला, असे कोणी समजत नाही.

जुलै 2013 हा महिना या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. अमेरिकेत ग्राहकांसाठी गाड्या तपासणाऱ्या एका नामांकित मासिकाने शेव्हरोले इम्पालाला सेडान गाड्यांत सर्वाधिक गुण दिले. अमेरिकी गाडीला वीस वर्षांत पहिल्यांदाच हा मान मिळाला. त्याच महिन्यात भारतात याच कंपनीला 1 लाख 14 हजार टवेरा परत बोलवाव्या लागल्या. कमी धूर सोडणारी निवडक इंजिने बसवून गाड्या तपासणीला पाठवल्या जात होत्या. सरकारी चौकशी समितीने याला सरळ फसवणूक म्हटले. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने वर्षभर आधीच, 2012 मध्ये जाहीर केले होते. टवेरा ही तर भाड्याची, लग्नाच्या वऱ्हाडाची, दिवसभर धावणारी गाडी. तिचा धूर कोणाच्या फुप्फुसात गेला याचा हिशेब कोणत्याच ताळेबंदात सापडणार नाही.

पुढचे प्रकरण अधिक गंभीर होते. सरकारने शेवटचा शेअर विकून दोन महिने होतात न होतात तोच, फेब्रुवारी 2014 मध्ये कंपनीने किल्लीच्या स्विचमधला दोष जाहीर केला आणि सुमारे 26 लाख गाड्यांना तो असल्याचे पुढे आले. या गाड्या भारतात विकल्या गेल्या नव्हत्या, पण दोष समजून घेण्यासारखा आहे. स्विचची पकड सैल होती. जड जुडगा लटकत असेल किंवा खड्ड्यात गचका बसला, तर किल्ली आपोआप फिरे आणि चालती गाडी बंद पडे. मग स्टिअरिंग जड होई आणि एअरबॅगचा वीजपुरवठाही तुटे.

एअरबॅग उघडायला सेकंदाचा जेमतेम तिसावा भाग लागतो. ती उघडली नाही तर चालकाची छाती स्टिअरिंगवर आदळते. फासळ्या मोडतात, हृदयाला मार बसतो, कधी महाधमनीच फाटते, आणि असा रुग्ण बहुधा रुग्णालयापर्यंत पोहोचत नाही. गुडघा डॅशबोर्डवर आपटून खुब्याचा सांधा निखळतो तो वेगळाच. या दोषामुळे 124 जण दगावल्याचे भरपाईच्या दाव्यांत मान्य झाले. कंपनीत ही गोष्ट दशकभर आधीपासून माहीत होती. दिवाळखोरीपूर्वीची देणी ‘जुन्या’ कंपनीची, ‘नव्या’ची नव्हेत, असा बचावही झाला. 2016 मध्ये अमेरिकेतील अपील न्यायालयाने तो फेटाळला. सरकारी पैशाने ताळेबंद दुरुस्त झाला. स्विच दुरुस्त व्हायला मृतांचे नातेवाईक आणि त्यांचे वकील लागले.

आपल्याकडे 2008 मध्ये तळेगावला या कंपनीचा कारखाना सुरू झाला आणि बीटसारखी छोटी गाडी गावोगाव पोहोचली. मे 2017 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत एअरबॅग नसलेल्या शेव्हरोले एन्जॉयला प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्याच महिन्यात कंपनीने भारतातील विक्री थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. कारखाना आता ह्युंदाईकडे आहे, पण विकलेल्या गाड्या रस्त्यावरच आहेत. खासगी गाडीची पहिली नोंदणी 15 वर्षांची असते, म्हणजे शेवटच्या गाड्या 2032 पर्यंत धावू शकतात. तोवर त्या स्वस्तात हात बदलत राहतील.

त्यातली एखादी नागपूरहून समृद्धी महामार्गाला लागते, तेव्हा आकडे लक्षात ठेवावेत. ती चाचणी ताशी 64 किलोमीटर वेगाने झाली होती. समृद्धीवर मुभा 120 ची आहे. वेग दुपटीपेक्षा कमी वाढला, तरी धडकेची ऊर्जा साडेतीन पट होते. जुन्या गाडीत एअरबॅग नंतर बसवता येत नाही. वेग कमी ठेवणे आणि मागे बसलेल्यांसह सर्वांनी पट्टा लावणे, एवढेच हाती उरते. मागे पट्टा लावणारा प्रवासी मात्र आपल्याकडे अजून विरळाच.

धडक चाचणीची देशी व्यवस्था, भारत एनकॅप, ऑक्टोबर 2023 पासून सुरू झाली. नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांच्या खात्याचे हे काम चांगले आहे. मात्र चाचणी ऐच्छिक आहे आणि ती नव्या गाड्यांसाठी. सदोष गाड्या सक्तीने परत बोलावण्याचा नियमही 1 एप्रिल 2021 पासून लागू आहे. पण तो सात वर्षांच्या आतील गाड्यांनाच लागू होतो. 2017 च्या अखेरीस विकलेली शेव्हरोले 2024 च्या अखेरीसच त्यातून बाहेर पडली.