उपग्रहाला जमिनीचा पडताळा

आकाशातून घेतलेले मोजमाप जमिनीवरील मोजमापापेक्षा आपोआपच अधिक विश्वासार्ह असते, असा समज सुशिक्षितांतही रूढ आहे. ओझोनच्या मोजणीचा इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो.

मे १९८५ मध्ये जोसेफ फार्मन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकावरील हॅली केंद्राची निरीक्षणे 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केली. तेथील ऑक्टोबर महिन्यातला ओझोन सुमारे ३०० डॉब्सन एककांवरून २०० च्या घरात उतरला होता. (३०० एकके म्हणजे डोक्यावरचा सारा ओझोन समुद्रसपाटीच्या दाबाखाली आणला, तर जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचा थर!) ही घट उघडकीस आणली ती जमिनीवरील जुन्या बनावटीच्या उपकरणाने. अमेरिकेचा निंबस-७ उपग्रह १९७८ पासून पृथ्वी न्याहाळत होता आणि घट त्यालाही दिसली होती. पण १८० एककांखालील आकड्यांवर संशयाची खूण करावी, अशी संगणकाला आज्ञा होती. ते आकडे फेकून दिले, ही पुढे पसरलेली कथा खरी नव्हे. ते जपलेले होते आणि शास्त्रज्ञ त्यांचा ताळाही पाहत होते. दुर्दैव असे की, दक्षिण ध्रुवावरील ज्या उपकरणाशी तो पाहिला, तेच त्या वेळी चुकत होते.

यानंतरचे प्रकरण अधिक बोधप्रद आहे. पृथ्वीवरून परतणाऱ्या अतिनील किरणांची तुलना हा उपग्रह थेट सूर्यकिरणांशी करी. हे सूर्यकिरण धातूच्या एका खरखरीत पट्टीवरून उपकरणात जात. अवकाशात उघडी पडलेली ही पट्टी वर्षागणिक काळवंडत गेली आणि तेही सर्व तरंगलांबींना सारखे नव्हे. जे किरण ओझोन अधिक शोषतो, त्यांनाच तिचा काळेपणा अधिक बाधला. परिणामी सूर्य मंद भासू लागला, परतणारे किरण तुलनेने प्रखर ठरले आणि गणितात ओझोन कमी निघू लागला. ओझोन होता त्याहून कितीतरी वेगाने घटत असल्याचे भाकीत त्यातून झाले. १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने जमिनीवरील केंद्रांचे जुने आकडे एकेक तपासून, दुरुस्त करून हा दोष वेगळा काढला. उत्तर गोलार्धाच्या मध्य अक्षांशांत १९६९ ते १९८६ या काळातील खरी घट १.७ ते ३ टक्के ठरली. पुढे १९८९ पासून तसेच एक उपकरण अवकाशयानातून नेऊन, परत आणून, प्रयोगशाळेत पारखण्याची सोय झाली.

आज हा प्रश्न अधिक नाजूक आहे. माँट्रियल करारामुळे (१९८७) ओझोन सावरतो आहे, पण अतिशय मंद गतीने. ध्रुवप्रदेश वगळता ही वाढ दशकाला एक टक्क्याहूनही कमी आहे. उपकरण दशकात एका टक्क्याने भरकटले, तर सावरणे आणि खालावणे यांतला भेदच पुसला जाईल. एका उपग्रहाचे आयुष्य संपून दुसरा त्याची जागा घेतो, तेव्हा दोघांचे आकडे जोडण्याचे कामही याच पडताळ्यावर अवलंबून असते.

असे असता काटकसरीची कुऱ्हाड पडते ती नेमकी जमिनीवरील केंद्रांवर. २०११ मध्ये कॅनडाने आपल्या ओझोन निरीक्षणाला कात्री लावण्याचे योजले, तेव्हा जगभरच्या शास्त्रज्ञांनी हरकत घेतली. जगातील ओझोन-नोंदींचे मध्यवर्ती भांडार टोरांटोत, म्हणजे त्याच देशात आहे.