गोधडीवर स्टेटस पुरे, आधी सुई ओवा

डिसेंबर लागला की माझ्या फोनमध्ये गोधड्या उगवतात. जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांचा एक फोटो, त्यावर ‘आजीच्या मायेची ऊब’ अशी ओळ आणि मागे बासरी. टाकणारे बहुतेक माझ्याच वयाचे, माझ्याच धंद्यातले पुरुष. हिंजवडीत नाहीतर खराडीत तिघांत एक फ्लॅट, आणि अंगावर ऑनलाइन मागवलेलं पॉलिस्टरचं ब्लँकेट. मी त्यांना हसत नाही. दोन वर्षांपूर्वी मीही अवसरीच्या घरातल्या पेटीतून आजीची गोधडी काढली, पडवीत उन्हात पसरली, वरून फोटो घेतला आणि टाकला. पावणेतीनशे लाइक आले. माझ्या कुठल्याही कामाला इतकी दाद कधी मिळाली नव्हती.

संध्याकाळी आईने तो फोटो पाहिला. म्हणाली, “ब्येस आलाय. पण ती अर्धीच हाय. अजून दोन पेटीत पडल्यात. त्या कोण पुऱ्या करणार, हे बदाम टाकणारे?”

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. उत्तर द्यायला मला दोन वर्षं लागली.

माझं म्हणणं सरळ आहे. गोधडी म्हणजे माया नव्हे, गोधडी म्हणजे काम. आपण तिला माया म्हणतो, कारण कामाचा हिशोब मागता येतो आणि मायेचा मागता येत नाही. आई, आजी, चुलती, आत्या यांनी काढलेल्या तासांवर ‘माया’ असा शिक्का मारला, की ते तास कुणी काढले, का काढले, दुसऱ्या कुणी का काढले नाहीत, असल्या कटकटी उरत नाहीत. मग फोटो टाकायला आपण मोकळे.

हिशोब करून बघू. मी इंजिनिअर आहे, मला दुसरं फार काही येत नाही. आमच्या पेटीतली मोठी गोधडी साधारण १८० बाय १२० सेंटिमीटरची आहे. आजीच्या धावदोऱ्याच्या दोन फेऱ्यांमध्ये एका बोटाचं, म्हणजे दोनेक सेंटिमीटरचं अंतर आहे. काठापासून फेऱ्या मारत मध्यापर्यंत या, नाहीतर सरळ ओळी घाला, दोऱ्याची वाट साधारण तेवढीच भरते: १०८ मीटर. सेंटिमीटरला एक टाका धरला तर दहा हजार आठशे टाके. पाच-सहा थर असतात, त्यामुळे सुई सरसर जात नाही, दर टाक्याला अंगुस्तानाने ढकलावी लागते. मिनिटाला दहा टाके हा चांगला वेग झाला. म्हणजे अठरा तास, आणि ते नुसत्या शिवण्याचे. कपडा धुणं, उसवणं, काठ वेगळे काढणं, थर लावणं, सुरकुती न पडू देता कच्चा दोरा घालून टाचणं, हे सगळं वेगळं. आणि हे अठरा तास सलग कुणाला मिळतात? सुगी उरकल्यावर, दुपारी भांडी झाल्यावर, चहाची वेळ होईपर्यंत. दिवसाला तासभर मिळाला तर नशीब.

भारत सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्या कामांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, असं निघालं. पुरुषांची सरासरी ९७ मिनिटं, आणि तीही त्यातल्या काही ना काही काम करणाऱ्या थोड्या पुरुषांची. घरातली गोधडी या २९९ मिनिटांच्या आत किंवा त्यांच्या फटीत शिवली जाते. ‘आजीला गोधडी शिवायची फार आवड होती’ असं म्हणण्याआधी, तिला दुसरी कुठली आवड लावून घ्यायची सोय होती का, हेही विचारा.

आता माझी गोष्ट. ती सांगायला मला आवडत नाही, म्हणून पटकन सांगतो.

२०२० मध्ये सगळ्यांसारखा मीही लॅपटॉप घेऊन गावी आलो. घराच्या एका खोलीत मी कॉलवर आणि बाहेर पडवीत आजी गोधडीवर. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, एकाचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं लांबलं होतं. टाका ती हाताच्या अंदाजाने घालायची, अडायची ती फक्त सुई ओवायला. दोरा संपला की दाराशी यायची, “एवढी सुई ओवून दे रं.” मी हेडफोनवर बोट ठेवून म्हणायचो, “आजी, पाच मिनिटं, कॉलवर आहे.” पाच मिनिटांचा तास व्हायचा. ती दाराशी उभी राहून परत जायची. पुढे तिने यायचं बंद केलं. मला वाटलं, तिचा शिवण्याचा उत्साह संपला असेल. त्या मोठ्या गोधडीच्या काठाकडच्या फेऱ्या झाल्या आहेत, मध्ये दोन हातांएवढा चौकोन कोरा आहे आणि शेवटच्या टाक्याशी सुई तशीच टोचलेली. तिला गंज चढला होता. आजी गेली त्याला आता तीन वर्षं झाली.

शिवायला बसल्यावर पहिल्याच दिवशी मी एक गोष्ट घड्याळ लावून केली. वीस सुया आणल्या, वीसही ओवल्या आणि उशीवर ओळीने टोचून ठेवल्या. सहा मिनिटं लागली. तिला त्या आठवडाभर पुरल्या असत्या. आजी थकली म्हणून गोधडी अर्धी राहिली, असं आमच्या घरात सगळे सांगतात. ती अर्धी राहिली माझ्या सहा मिनिटांसाठी.

याला कुणी ‘भावुक’ म्हणू नये, कारण हीच अडचण जगभरच्या अर्धवट कामांची असते. काम अडतं ते कौशल्यावाचून नाही, कुणीतरी करायच्या फुटकळ मदतीवाचून. ऑफिसात आम्ही याला ‘ब्लॉकर’ म्हणतो आणि तो काढायला सकाळी दहाला अख्खी टीम उभी राहते. घरात त्याला नाव नाही.

आता पुरुषांबद्दल. मी सुई धरली तेव्हा गल्लीत हसाहशी झाली. एका चुलत्याने विचारलं, “कंपनीनं काढलं का काय?” ही टर उडवणारे लोक कोण? ज्यांनी आयुष्यभर दाभण आणि सुतळीने कांद्याच्या गोण्या शिवल्या, बैलाची झूल सांधली, पोत्यांची खोळ केली, ते. आमच्या मंचरच्या बाजारात गोणीचं तोंड शिवणारा गडी कुणाला बायकी वाटत नाही. गावचा शिंपी पुरुष. ज्यांच्या अभंगांवर वारी चालते ते नामदेव शिंप्याच्या घरचे. म्हणजे सुईला लिंग नाही, बिनपैशाच्या सुईला आहे. पैसे मिळाले की पुरुषाचा व्यवसाय, नाही मिळाले की बायकांची माया. स्वयंपाकाचं आणि आचाऱ्याचं तेच.

इथे वेबवरचे काही शहाणे म्हणतात, ‘ही लोककला जपायला हवी, ग्रामीण महिलांना प्रोत्साहन द्यायला हवं.’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. जपायचं कुणी, तर महिलांनी. प्रोत्साहन द्यायचं कुणी, तर आपण. सोफ्यावरून. पाठ त्यांची मोडणार आणि संस्कृती आपली टिकणार, असला हा करार आहे. माझ्या आईला कंबरेचं दुखणं आहे. फोटोनंतर आलेल्या कॉमेंटमध्ये किमान दहा जणांनी लिहिलं होतं, ‘काकूंना सांग, पूर्ण करा, ठेवा आहे.’ एकानेही ‘तू पूर्ण कर’ असं लिहिलं नव्हतं.

मग विकत घ्यावी का? जरूर घ्या. बचत गटाच्या, घरोघर फिरून गोधड्या शिवून देणाऱ्या बायकांच्या पोटावर पाय देणारं मी काही म्हणत नाही. पुण्याच्या गल्ल्यांतून त्यांची हाक अजूनही ऐकू येते. त्यांच्याशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करणारे आणि तीच वस्तू ‘हँडमेड’ म्हणून चकचकीत पानावर पाचपट दराने घेणारे लोक एकच असतात, एवढंच म्हणतो. वर दिलेला हिशोब हाताशी ठेवा. किंमत वाचली की तिला अठराने भागा आणि विक्रेत्याला विचारा, यातलं शिवणाऱ्या हाताला किती? अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड या खेड्यातल्या काळ्या बायकांच्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या, २००६ साली टपाल तिकिटांवर छापल्या गेल्या. कामाच्या जुन्या पँटी आणि पिठाच्या पिशव्या जोडून ऊब करणाऱ्या त्या बायका, पूर्वज गुलाम होते अशा. जगाने कौतुक केलं. आणि २००७ साली त्यांच्यातल्या काहींना पैशांसाठी, हक्कांसाठी कोर्टात जावं लागलं. प्रकरणं तडजोडीत मिटली. कौतुक आणि मोबदला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथेही तसंच.

एका मित्राने मला वेगळा सल्ला दिला. म्हणाला, ती अर्धवटच राहू दे, गंजलेल्या सुईसकट काचेत मढव, भिंतीला लाव, केवढी जबरदस्त गोष्ट आहे ती. दोन दिवस मलाही मोह झाला. पण आजीने ती भिंतीसाठी घेतली नव्हती. आमच्याकडे शेतीची लाइट रात्री येते. बिबट्याच्या भीतीने बॅटरी मारत, मोठ्याने गाणी लावत माणूस उसाला पाणी भरतो आणि पहाटे ओल्या पायांनी घरी येतो. त्याला काचेतली गोष्ट काय कामाची? अर्धवट कामाकडे बघून हळवं होणं सोपं आहे, कारण हळवं व्हायला अठरा तास लागत नाहीत.

शिवायला बसल्यावर कळलेली एक गोष्ट कुठल्याच स्टेटसमध्ये नव्हती. गोधड्या संपत चालल्या त्या नुसत्या आळसाने नाही, कापडाने. आजीची लुगडी सुती होती. शंभर धुण्यांनी मऊ झालेलं सूत सुईला वाट देतं, घाम पितं, थराला थर चिकटून राहतो. आईच्या पेटीतल्या रोजच्या साड्या सिंथेटिक. त्यांचे थर एकमेकांवरून घसरतात, टाका आवळला की चुण्या पडतात, आणि पांघरलं की उन्हाळ्यात अंग उकडतं, हिवाळ्यात सुरुवातीला गार लागतं. माझे कपडे तर आणखी वाईट. कंपनीने आणि हॅकेथॉनवाल्यांनी वाटलेले अकरा टी-शर्ट मी मोठ्या हौसेने आतल्या थराला कापले. विणलेलं कापड ताणतं, गोळा होतं. पहिला अख्खा थर उसवावा लागला. शेवटी ते दोन सुती धोतरांच्या मध्ये दाबून, चारी बाजूंनी घट्ट टाचून बसवले. आता त्या गोधडीच्या पोटात तीन बुडालेल्या स्टार्टअपचे लोगो आहेत.

आमच्या तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचा एक गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत परदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा झाला आणि मेला. बाबू गेनू. डिंभे धरणाच्या जलाशयाला त्याचं नाव आहे, शाळेत आम्हाला ते पाठ होतं. कापड कुठून येतं, कोण विणतं, यावर माणूस जीव देऊ शकतो, हे त्याच तालुक्यात वाढूनही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. आपण अंगावर काय पांघरतो आणि फाटल्यावर त्याचं काय होतं, इतका साधा प्रश्नही मी सुई बोटात घुसेपर्यंत विचारला नव्हता. माझ्या अकरा टी-शर्टांतून कुणाचीच गोधडी होणार नाही, हे बनवणाऱ्याला ठाऊक असतं.

वेळेचं म्हणाल तर, अठरा तासांचा हिशोब आजीच्या हाताचा होता. मध्यातला चौकोन म्हणजे जेमतेम चौथा हिस्सा, तरी मला तीसच्या वर तास लागले, कारण निम्मं मी उसवलं. रविवारी दोन तास. क्रिकेट लावून बसायचो. माझे टाके कुठे लांब कुठे आखूड आहेत, आजीचे एकसारखे. ती कुठे थांबली आणि मी कुठे सुरू झालो, हे लांबूनही दिसतं. ते लपवायचा प्रयत्न मी केला नाही. करायचा म्हटलं तरी जमला नसता.

दुसरं पेटीत होतं ते एक दुपटं, माझ्या बहिणीच्या बाळासाठी घेतलेलं. बाळ आता पहिलीत आहे. ते एका महिन्यात झालं. कुणाच्या अंगाचं नाही म्हणून भाचीने ते मांजरीला दिलं, आणि मला त्यात काही वाईट वाटलं नाही.

राहिलं तिसरं. ते गोधडीच नाही, गाठोडं आहे: दोन लुगडी, आजोबांचं एक धोतर, एक फेटा, कसलीशी फुलाफुलांची ओढणी. आजीने थर कसे लावायचे ठरवलं होतं, कुणालाच माहीत नाही. मागच्या आठवड्यात आई आणि मी पडवीत ते सोडून बसलो. तिचं म्हणणं, हिरवं लुगडं वर. मला जांभळं वर हवंय. फेटा आत घालायला ती तयार नाही, म्हणते आजोबांचा आहे, पायाखाली नको. मी म्हणालो, पायाखाली कुठे, अंगावर येईल. यावर अजून भांडण चालू आहे. नवरात्राआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायला निघतं, तोवर ही झाली तर बाकीच्यांबरोबर धुऊन निघेल. सुया मी ओवून ठेवल्यात. आईच्या हाताला लागतील अशा, खिडकीतल्या उशीवर.