‘सहायक’ म्हणजे दुय्यम?

बायबलातील पहिल्या स्त्रीविषयी लिहिताना एक युक्तिवाद सर्रास केला जातो : तिला पुरुषाची ‘सहायक’ म्हटले आहे, अर्थात ती दुय्यम. परंपरेचे समर्थक या निष्कर्षावर संतुष्ट असतात, टीकाकार त्यावर संतापतात. शब्द तपासण्याची तसदी मात्र दोघेही घेत नाहीत.

चौथ्या-पाचव्या शतकांच्या संधिकाळातील जेरोमच्या लॅटिन भाषांतरात, ‘उत्पत्ती’च्या दुसऱ्या अध्यायात, या संदर्भात एकदा ‘अद्यूतोरियुम’ (साहाय्य) आणि एकदा ‘अद्यूतोर’ (साहाय्यकर्ता) हे शब्द येतात. मूळ हिब्रू शब्द ‘एझेर’. आता त्याच लॅटिन बायबलातील स्तोत्रे उघडावीत. तेथे ‘अद्यूतोर’ म्हणून भक्त हाक मारतो ती देवाला! मग देवही भक्ताहून दुय्यम समजायचा काय?

रोमन व्यवहारही हेच सांगतो. दप्तरातील हिशेबनिसाच्या हाताखालचा मदतनीस ‘अद्यूतोर’ होता, हे खरे. पण इ.स. 68 मध्ये मिसेनुमच्या आरमारातील लोकांतून उभारलेल्या लीजनचे नावही ‘अद्यूत्रिक्स’, म्हणजे याच शब्दाचे स्त्रीलिंगी रूप. आणि ती पूर्ण दर्जाची लीजन होती. शब्द फक्त क्रिया सांगतो. पायरी ठरते ती कोण कोणाला साहाय्य करतो यावरून.

स्त्री नंतर घडवली गेली, पुरुषासाठी घडवली गेली, म्हणून ती गौण, असे कोणास म्हणायचे असेल तर त्याने कथेच्या रचनेवरून ते सिद्ध करावे. तो वाद स्वतंत्र आहे. त्याचा भार एका निरपराध नामावर टाकू नये. 1611 च्या इंग्रजी भाषांतरात ‘हेल्प’ आणि ‘मीट’ हे दोन सुटे शब्द होते. अर्थ ‘अनुरूप असे साहाय्य’. पुढे ते जोडले गेले आणि ‘हेल्पमीट’ हे पत्नीवाचक नाम तयार झाले. वाचकांच्या समजुती शब्दकोशात अशाच शिरतात.

आपल्याकडे ‘सहायक’ म्हटले की सहायक अभियंता, सहायक प्राध्यापक अशी पदांची उतरंड डोळ्यांपुढे येते. वस्तुतः संस्कृत ‘सहाय’ म्हणजे बरोबर जाणारा, सोबती. कार्यालयातील पाटी वाचून प्राचीन ग्रंथाचा अर्थ लावणे ही समीक्षा नव्हे. साहित्याच्या अध्यापकांनी तरी शब्दाला आधी त्याच्या वाक्यात पाहावे, मग त्याच्यावर आरोपपत्र ठेवावे.