छतावरची टाकी कोणाच्या खात्यात?

यंत्रमागाच्या धंद्यात पाण्याची पारख नाही असे कोणी म्हणणार नाही. सायझिंगच्या बॉयलरला जाणारे पाणी आम्ही मऊ करून घेतो, कारण क्षारांचा थर बसला की इंधन जास्त जळते आणि नळ्या खराब होतात. रंगारीही पाण्याचा गुण पाहूनच कामाला हात घालतो. पण कारीगर ज्या टाकीचे पाणी पितो तिचे झाकण शेवटचे केव्हा उघडले, असे विचारले तर मालक मुनीमाकडे बघतो आणि मुनीम पहारेकऱ्याकडे. लोखंडाची एवढी काळजी घेणाऱ्यांनी माणसाच्या पोटाचीही घ्यावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

भिवंडी-मालेगावात बाहेरगावचे अनेक कारीगर कारखान्यातच किंवा त्याच्या आसपास राहतात. पिणे, रांधणे, सारे त्याच टाकीवर. झाकण अर्धवट असेल तर धूळ, कापसाचे तंतू, पाखरांची घाण आत जाते आणि तळाशी गाळ बसतो. अशा पाण्यातून टायफॉइड, कावीळ, हगवण पसरते. डेंग्यूचा डास तर साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो; त्याची अंडी टाकीच्या कोरड्या भिंतीलाही महिनोन्‌महिने चिकटून राहतात. म्हणून नुसती टाकी रिकामी करून भागत नाही, भिंती घासाव्या लागतात.

याचा हिशेब व्यापाऱ्याच्या नजरेने करून पाहा. मीटरवर मजुरी घेणारा कारीगर पंधरा दिवस आजारी पडला तर त्याच्या घरी पैसे जात नाहीत. इकडे माग उभे राहतात, माल वेळेवर जात नाही, पार्टी नाराज होते. टाकी धुण्याचा खर्च यापुढे काहीच नाही. हा खर्च दानधर्मात धरू नये. तेल आणि सुट्या भागांप्रमाणे तो धंद्याच्या खात्यातच पडला पाहिजे.

खरी अडचण सामायिक टाकीची आहे. एका इमारतीत दहा गाळे, टाकी एक, म्हणजे ती कोणाचीच नाही. आमच्या मते भाडेचिठ्ठीतच लिहून घ्यावे की टाकीची जिम्मेदारी अमुक एकाची आणि खर्च सर्वांचा. पिण्याचे पाणी शौचालय व धुण्याच्या जागेपासून 6 मीटर दूर असावे, असे 1948 च्या कारखाने कायद्यानेच सांगितले होते. छोटा कारखाना कायद्यात बसो वा न बसो, तहान तर सर्वांची सारखीच.

काम सोपे आहे. नळाची आवक बंद करून टाकी रिकामी करावी, गाळ काढावा, भिंती ब्रशने घासून खळखळून धुवाव्यात. मग टाकी भरून 1000 लिटरला सुमारे 150 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर घ्यावी. ती प्लास्टिकच्या बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा आणि वरचे निवळलेले पाणी टाकीत ओतावे. वास येईपर्यंत सर्व नळ सोडावेत, म्हणजे पाइपही शुद्ध होतात. रात्रभर ठेवून ते पाणी काढून टाकावे. शौचालय धुवायला ते उपयोगी पडते. तोवर नळावर ‘पिऊ नये’ अशी पाटी कारीगरांच्या भाषेत लावावी. ज्यांचे माग शुक्रवारी बंद असतात त्यांनी गुरुवारी रात्री हे काम काढावे. पावसाळ्यापूर्वी व नंतर असे वर्षातून दोनदा तरी ते व्हावे. टँकरचे पाणी घेणाऱ्यांनी दर तीन महिन्यांनी करावे. पावडरचा डबा घट्ट बंद ठेवावा, उघडा राहिला की तिचा जोर जातो. आणि तिच्यात अ‍ॅसिड कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो.

एक गोष्ट मात्र जिवाची आहे. मार्च 2025 मध्ये मुंबईच्या नागपाड्यात बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या भूमिगत टाकीत सफाईला उतरलेले चार मजूर गुदमरून मरण पावले. बंद टाकीत प्राणवायू कमी झालेला असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. एक बेशुद्ध पडला की दुसरा वाचवायला उतरतो आणि तोही जातो. तेव्हा जमिनीखालच्या टाकीत हाताखालच्या पोराला “जा, उतर” असे सांगू नये. यंत्र, हवा तपासण्याची सोय आणि दोर असलेल्या जाणकार माणसांकडूनच ते काम करून घ्यावे. दोन पैसे वाचवण्यासाठी कोणाच्या घरचा दिवा विझवण्याचा हक्क आम्हाला नाही.

टाकी धुतली की तिच्यावर रंगाने तारीख लिहावी. आमचे बंधू दुकानात शिरणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी पाणी विचारतात. तेच पाणी कारीगराच्या पेल्यातही असावे.